संगणकाचा पहिला पडदा कोणाचा?

(नंदुरबार जिल्ह्यातील शिक्षक, सेवाकेंद्रचालक व कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

२९ सप्टेंबर २०१० या दिवसाने नंदुरबार जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचविले. शहादा तालुक्यातील टेंभली या लहानशा गावी त्या दिवशी देशातील पहिले आधार क्रमांक वितरित झाले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि श्रीमती सोनिया गांधी त्या समारंभास उपस्थित होते. त्या योजनेच्या गुणदोषांची चर्चा पुढे देशभर झाली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेली. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. शिधापत्रिका असो, शिष्यवृत्ती असो, जातीचा दाखला असो की सातबाऱ्याचा उतारा असो, सामान्य माणसाच्या हक्काची प्रत्येक वाट त्यानंतरच्या काळात संगणकाच्या पडद्यावरून जाऊ लागली. तो पडदा पूर्वी शहरी नोकरदाराच्या सोयीची वस्तू होता. आज तो सातपुड्यातील पाड्यावरच्या माणसाच्या दारातला उंबरठा झाला आहे.

त्या उंबरठ्यावर आधीच कोण येऊन बसले आहे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती. त्यांतील ६९ टक्के बांधव अनुसूचित जनजातींचे. साक्षरतेचे प्रमाण राज्यात ८२ टक्के असताना येथे ते ६४ टक्के होते. घरात भिली, पावरी, मावची वा अहिराणी, शाळेत मराठी आणि संगणकावर इंग्रजी, असा येथील मुलाचा तीन पायऱ्यांचा प्रवास आहे. अक्राणी तालुक्यातील एखाद्या पाड्यावरून शिकण्यासाठी वसतिगृहात आलेला मुलगा जेव्हा पहिल्यांदा संगणकासमोर बसतो, तेव्हा त्याच्या घराण्यातील कोणीही त्यापूर्वी त्या यंत्रासमोर बसलेले नसते. त्याला सांगणारा फक्त शिक्षक असतो, किंवा मग तो पडदाच त्याला जे सांगेल ते.

आणि तो पडदा काय सांगतो? नवा कोरा संगणक खोक्यातून काढून सुरू करावा, तर त्यावर आधीच डझनभर आज्ञावली मुक्कामाला आलेल्या असतात. विषाणूंपासून संरक्षण देण्याचे आश्वासन देणारी, पण महिन्याभरात मुदत संपताच पैसे मागणारी एक. फळे वा गोळ्या फोडण्याचे दोन-तीन खेळ. परदेशी बाजारपेठेचे एखादे दुकान. यंत्र बनविणाऱ्या कंपनीचा ‘साहाय्यक’, जो साहाय्य कमी आणि जाहिरात अधिक करतो. लेखनाची आज्ञावली दिसते, पण तीही चाचणीपुरती. या न मागता आलेल्या सामग्रीला संगणकाच्या जगात ‘ब्लोटवेअर’ म्हणतात. फुगवटा हाच त्या शब्दाचा गाभा. अंगाला सूज यावी आणि पाहणाऱ्याला ती पुष्टी वाटावी, तसा हा प्रकार आहे.

यात एवढे गंभीर ते काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पुण्या-मुंबईतला जाणकार अर्ध्या तासात तो कचरा काढून टाकतो. परंतु या मुलाचे काय? त्याच्या दृष्टीने पडद्यावर जे दिसते तोच संगणक. चिन्हांच्या गर्दीत लेखनाचे चिन्ह त्याला सापडत नाही. यंत्र सुरू व्हायला पाच-दहा मिनिटे लागतात, कारण मागे दहा आज्ञावली आपोआप जाग्या होत असतात. ‘तुमच्या संगणकाला धोका आहे’ अशी लाल पाटी मध्येच उमटते आणि त्याचा हात थबकतो. आपल्या हातून काही बिघडले, अशी त्याची समजूत होते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असते, मागे रांग असते, आणि हा मुलगा ‘मला येत नाही’ असे म्हणून खुर्चीवरून उठतो. खोट यंत्रात असते, तिची लाज मात्र मुलाच्या वाट्याला येते. आजच्या विषयाचे सारे गांभीर्य या एका वाक्यात आहे.

हा कचरा येतो कोठून? संगणकाच्या बाजारात स्पर्धा तीव्र आहे. यंत्र जोडणाऱ्या कंपनीला एका यंत्रामागे मिळणारा नफा तुटपुंजा असतो. मग आज्ञावली विकणाऱ्या कंपन्या तिला पैसे देतात आणि त्या बदल्यात पडद्यावर जागा घेतात. म्हणजे संगणकाचा ग्राहक एक नसून दोन असतात. एक जो यंत्र विकत घेतो, आणि दुसरा जो त्या पहिल्या ग्राहकाचे लक्ष विकत घेतो. नंदुरबारच्या बाजारात मिरची घेणारा व्यापारी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मिरची वर काढून पाहतो. संगणक घेणारी संस्था मात्र खोके फोडण्यापूर्वीच पावतीवर सही करते. २००८ साली सोनी या जपानी कंपनीने आपल्या काही संगणकांवरील अशी सामग्री काढून देण्यासाठी ५० डॉलर आकारण्याचा प्रस्ताव मांडला होता. टीकेचा भडिमार होताच तो आकार तिला मागे घ्यावा लागला. मोकळा पडदा हा ग्राहकाचा हक्क मानायचा की चैनीची वस्तू, हा प्रश्न त्या प्रसंगाने उघडपणे पुढे आणला.

पडद्यावरील या जागेला एवढे मोल का आले, हे समजण्यासाठी माणूस संगणकावर काम ‘सुरू’ कसे करतो याचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. डॉसच्या काळी पडदा काळा असे. ज्या आज्ञावलीत काम करायचे तिचे नाव कळफलकावर टंकावे लागे. ते कठीण होते, पण त्यात एक गुण होता. नाव घेतल्याशिवाय कोणी पुढे येत नसे. १९९० नंतर विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर चित्रखुणा आल्या आणि त्यांचे गट मांडणारा ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ आला. नवशिक्यांवर घेतलेल्या चाचण्यांत मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञांना आढळले, की लोकांना सर्वांत अधिक अडचण येते ती काम सुरू करण्याच्या पहिल्याच पायरीवर. दोनदा टिचकी मारणे त्यांना जमत नसे, खिडकीमागे खिडकी लपली की ती हरवली असे त्यांना वाटे. त्यातून २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ मध्ये डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ नावाचे बटण आले. येथून सुरुवात करा, असे सांगणारा बाण पडद्याच्या तळाशी सरकत येई. जगातील कोट्यवधी लोकांनी संगणकाचा श्रीगणेशा त्या एका बटणावर केला. महाराष्ट्रात २००१ पासून एम.एस.सी.आय.टी. अभ्यासक्रमाने गावोगावच्या तरुणांना जे शिकविले, त्याचाही आरंभ तेथूनच होई.

आता, ज्या बटणातून साऱ्या वाटा फुटतात, त्या बटणाची मालकी ज्याच्याकडे, त्याच्या हाती वाटसरूचे पाऊल. हे मोठ्या कंपन्यांनी फार लवकर ओळखले. १९९६ साली कॉम्पॅक या कंपनीने आपल्या काही संगणकांच्या पडद्यावरून इंटरनेट एक्सप्लोररचे चिन्ह हटविले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने तिचा विंडोजचा परवानाच रद्द करण्याची नोटीस दिली. कॉम्पॅकला ते चिन्ह परत बसवावे लागले. मे १९९८ मध्ये अमेरिकन शासनाने मायक्रोसॉफ्टविरुद्ध खटला भरला. त्यात नेटस्केपसारख्या प्रतिस्पर्ध्याची वाट अडविण्यासाठी पडद्यावरील चिन्हे व ‘स्टार्ट’मधील नोंदी यांवर घातलेली बंधने हा एक प्रमुख मुद्दा होता. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये आपले निष्कर्ष नोंदविले. २००१ साली अपील न्यायालयाने कंपनीच्या विभाजनाचा आदेश रद्द केला, पण मक्तेदारी टिकविण्यासाठी अवैध मार्ग वापरल्याचा ठपका मुख्यतः कायम ठेवला. नखाएवढ्या चित्रासाठी महासत्तेची न्यायालये वर्षानुवर्षे झिजावीत, यावरून त्या नखाएवढ्या जागेची किंमत ध्यानात यावी.

युरोपचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. युरोपीय आयोगाने २००४ साली मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंहून अधिक दंड केला आणि मीडिया प्लेअर वगळलेली विंडोज उपलब्ध करण्याचा आदेश दिला. कंपनीने ती उपलब्ध केली. मात्र किंमत तीच ठेवली. परिणामी त्या आवृत्तीला जवळजवळ कोणीच विचारले नाही. पुढे २०१० पासून युरोपातील वापरकर्त्यांपुढे ब्राउझर निवडण्याचा पडदा ठेवला गेला. तो काही काळ दाखविला गेला नाही, म्हणून २०१३ साली आणखी ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला. अलीकडे डिजिटल बाजारपेठ कायद्यामुळे २०२४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्रातील वापरकर्त्याला एज हा ब्राउझर काढून टाकण्याची मुभा मिळाली. यंत्र तेच, कंपनी तीच. केवळ समाज जागृत आणि कायदा खंबीर असल्याने तेथील नागरिकाला अधिकार अधिक. परंतु २००४ च्या आदेशाची गत काय झाली हेही विसरता कामा नये. कायद्याने दार उघडले तरी सवयीचे पाऊल जुन्याच वाटेने जाते. म्हणून कायद्याच्या जोडीला शिक्षण हवे.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न आहे, असेही कोणी समजू नये. २०१४ च्या उत्तरार्धात लेनोव्हो या चिनी कंपनीने आपल्या काही लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाची जाहिरातीची आज्ञावली आधीच बसवून विकली. ही आज्ञावली वापरकर्ता आणि संकेतस्थळ यांच्या मधोमध बसत असे. बँकेसारख्या सुरक्षित संकेतस्थळांचे कुलूपही ती आपल्या किल्लीने उघडी आणि वाटेत आपल्या जाहिराती घुसवी. त्याहून भयंकर गोष्ट अशी, की सर्व यंत्रांवर ती किल्ली एकच होती. एका यंत्रावरून ती काढणाऱ्या चोराला बाकीच्या यंत्रांची दारे उघडी झाली असती. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आले, कंपनीला ती आज्ञावली मागे घ्यावी लागली आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करावी लागली. ज्या सेवाकेंद्रात गावाचे आधार क्रमांक, बँक खाती आणि बोटांचे ठसे रोज हाताळले जातात, तेथील यंत्रावर न मागता काय बसले आहे हे पाहणे, ही गावाच्या राखणीचीच बाब आहे.

सामान्य वापरकर्ता या साऱ्यापुढे अगदीच हतबल आहे काय? तसे नाही. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या विंडोज ८ मधून ‘स्टार्ट’चे बटणच नाहीसे करण्यात आले. सतरा वर्षांची सवय कंपनीने एका फटक्यात मोडली. जगभरातून एवढी नाराजी उमटली, की पुढच्याच वर्षी ते बटण परतले आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्यामागची पूर्ण यादीही परतली. लोकांच्या सवयीपुढे बलाढ्य कंपनीला वाकावे लागले. मात्र परत आलेल्या त्या यादीत खेळांच्या आणि जाहिरातींच्या रंगीत फरश्याही बसविलेल्या होत्या. लोकांनी आपले बटण मागितले. ते मिळाले, पण भाडेकरूंसह. मागणी करताना ती पूर्ण करावी लागते, हा त्यातील धडा.

आपल्या देशातही हा विचार सुरू झाला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला. मोबाइल बनविणाऱ्यांवर आपल्या सर्व ॲप एकत्र आणि ठळक जागी बसविण्याची सक्ती केल्याचा आक्षेप त्यात होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. परंतु आयोगाच्या दहा निर्देशांपैकी चार रद्द केले आणि आधी बसविलेली गुगलची ॲप काढून टाकण्याची मुभा देणारा निर्देश त्या चारांत होता. म्हणजे दोष मान्य झाला, पण झाडू ग्राहकाच्या हाती आला नाही.

येथे एक अप्रिय वाटणारी, पण आवश्यक गोष्टही सांगितली पाहिजे. डिसेंबर २०२५ च्या आरंभी केंद्रीय दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ हे ॲप प्रत्येक नव्या मोबाइलवर आधीच बसविणे बंधनकारक केल्याचे जाहीर झाले. चोरीचे फोन शोधणे आणि फसवणुकीला आळा घालणे हा हेतू उपयुक्त होता. तरीही समाजातून प्रश्न उभे राहिले आणि ३ डिसेंबर रोजी शासनाने ती सक्ती मागे घेतली. हे योग्यच झाले. परकीय कंपनीने न विचारता घरात शिरू नये, हा न्याय स्वकीयालाही लागू पडतो. चांगली वस्तू लोक आपण होऊन घेतात, आणि आपण होऊन घेतलेली वस्तूच टिकते.

आता पूर्वपक्ष. काहीच न बसविलेला संगणक नवशिक्याच्या काय कामाचा? त्याला सारे तयार मिळते, हे चांगलेच नव्हे का? या आक्षेपात तथ्य आहे. लेखन, गणित, चित्र, ब्राउझर यांची प्राथमिक साधने यंत्रावर आधीच असणे ही सोयच आहे. भेद करायचा तो हेतूचा. जी वस्तू वापरणाऱ्यासाठी ठेवली ती शिदोरी. जी दुसऱ्या कोणी पैसे दिले म्हणून ठेवली ती अडगळ. ओळखण्याच्या कसोट्या सोप्या आहेत. न बोलावता ती आपोआप सुरू होते काय? काढू गेल्यास विरोध करते काय? काही दिवसांनी पैसे किंवा माहिती मागते काय? या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले, तर ती वस्तू कोणासाठी ठेवली आहे याची चौकशी करावी.

या संदर्भात आपल्याच यंत्रातील एक विसंगती पाहण्यासारखी आहे. देवनागरी लिहिण्यासाठी ‘इन्स्क्रिप्ट’ ही कळफलकाची रचना भारतीय मानक संस्थेने १९९१ सालीच प्रमाणित केली. सर्व भारतीय लिप्यांना एकच रचना लागू पडते, असे तिचे वैशिष्ट्य आहे. विंडोजमध्ये ती सोय गेली वीसहून अधिक वर्षे उपलब्ध आहे. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. पण ती कोठे आहे? सेटिंग्जच्या आत, भाषांच्या यादीत, तीन-चार टिचक्या खोल. ज्या मुलाला मराठीत अर्ज लिहायचा आहे, त्याच्या कामाची वस्तू माळ्यावर टाकलेली, आणि गोळ्या फोडण्याचा खेळ मात्र देवघरात मांडलेला! अनेक कार्यालयांत मराठी लिहायचे म्हणजे कोणता तरी फॉन्ट विकत घ्यावा लागतो, अशी समजूत वर्षानुवर्षे टिकली, तिचे एक कारण हेच. असणे आणि दिसणे यांतले अंतर असे असते.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर जी चार व्याख्याने दिली, त्यांत परकीय ज्ञान आणि तंत्र यांच्याविषयी समतोल दृष्टी आढळते. बाहेरचे म्हणून नाकारायचे नाही आणि बाहेरचे म्हणून डोक्यावरही घ्यायचे नाही. जे स्वदेशी आहे ते युगानुकूल करावे, जे परदेशी आहे ते देशानुकूल करून घ्यावे, हा त्या विचाराचा आशय. १९९१ मध्ये स्वदेशी जागरण मंचाची उभारणी करणाऱ्या दत्तोपंत ठेंगडी यांनीही आधुनिकता म्हणजे पाश्चात्त्यीकरण नव्हे, हा विवेक आग्रहाने मांडला. संगणक टाकून देणे हा स्वदेशीचा अर्थ नव्हे. तो बनविणाऱ्या देशाचे नाव पाहून समाधान मानणे हाही पुरेसा अर्थ नव्हे, कारण देशी कारखान्यात जोडलेल्या यंत्रावरही तीच अडगळ येऊ शकते. यंत्र घरात आल्यानंतर ते आपल्या कामाला, आपल्या भाषेला आणि आपल्या मुलांच्या समजुतीला जुळते करून घेणे, हे देशानुकूलन आहे. त्यासाठी कारखाना लागत नाही, भांडवल लागत नाही. थोडे ज्ञान आणि एक दुपार पुरते.

त्या दुपारी करावयाच्या गोष्टी शिक्षकांनी व सेवाकेंद्रचालकांनी टिपून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, यंत्र सुरू होताच आपोआप जागे होणारे कोण आहेत ते पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज ८ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत त्यातच ‘स्टार्टअप’ हा विभाग असतो. तेथे अनावश्यक नावांना ‘डिसेबल’ करावे. जुने यंत्र निकामी झाले असे वाटून नव्यासाठी अर्ज करण्यापूर्वी हे अवश्य करावे. पुष्कळदा यंत्र म्हातारे झालेले नसते, नुसते ओझ्याखाली वाकलेले असते.

दुसरी गोष्ट, सेटिंग्जमधील ‘ॲप्स’च्या यादीत जाऊन अडगळ काढून टाकावी. ज्या नावाचा अर्थ कळत नाही, ते जाणकाराला विचारल्याशिवाय काढू नये. कारण ठसे घेणाऱ्या यंत्राचा किंवा छपाईयंत्राचा चालक-प्रोग्रॅमही त्याच यादीत असतो. मुदत संपलेली विषाणुरोधक आज्ञावली मात्र ठेवू नये. ती काढली की विंडोज १० व ११ मध्ये अंगभूत असलेले संरक्षण कामाला लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती शिकविण्याची आहे. मुलांना चिन्हाची जागा पाठ करायला लावू नये. ‘वरून तिसरे निळे चित्र’ असे शिकलेला मुलगा दुसऱ्या यंत्रासमोर निरक्षर ठरतो. त्याला आज्ञावलीचे नाव आणि काम शिकवावे. विंडोजची कळ दाबावी, नावाची पहिली तीन-चार अक्षरे टंकावीत, यादीत नाव दिसले की एंटर दाबावे. ही रीत विंडोज ७ पासून ११ पर्यंत चालते. पडद्यावर कोणी कितीही दुकाने मांडली, तरी नाव घेऊन हाक मारणाऱ्याची वाट ती अडवू शकत नाहीत. डॉसच्या काळातील जो गुण मध्यंतरी हरवला होता, तो असा परत मिळविता येतो.

चौथी गोष्ट, मराठी कळफलक माळ्यावरून खाली आणावा. प्रत्येक शाळेच्या प्रत्येक यंत्रावर तो सुरू करून ठेवावा, आणि पडद्यावर फक्त पाच-सहा चिन्हे ठेवावीत, ज्यांचा विद्यार्थ्याला रोज उपयोग आहे.

पाचवी गोष्ट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. अनेक शाळांमधील यंत्रे पुढच्या आवृत्तीला पात्र नाहीत. ती भंगारात घालण्यापूर्वी मुक्त प्रणालींचा विचार करावा. सी-डॅकने २००७ साली प्रसिद्ध केलेली ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांना आधार देते आणि ती विनामूल्य आहे. आपल्याच देशातील केरळ राज्याने शाळांमधून मुक्त प्रणाली वर्षानुवर्षे यशस्वीपणे चालवून दाखविली आहे. विचार वेगळे असले तरी चांगला पाठ कोठूनही घ्यावा. सेवाकेंद्रातील काही उपकरणे मात्र विंडोजवरच चालतात, म्हणून तेथे बदल करताना आधी पडताळून पाहावे.

आणि शेवटची गोष्ट, खरेदीच्या वेळची. ग्रामपंचायत, शाळा वा पतसंस्था यंत्रे घेते, तेव्हा मागणीपत्रात एक ओळ घालावी : ‘चाचणीपुरत्या व जाहिरातीच्या आज्ञावली काढून, मराठी कळफलक सुरू करून यंत्र द्यावे.’ एका संस्थेची ओळ विक्रेता कदाचित दुर्लक्षील. पण जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांतून तीच ओळ येऊ लागली, तर त्याला ऐकावेच लागेल. पोत्यात हात घालून पाहणारा ग्राहक भेटला, की व्यापारी तळाला ओली मिरची भरण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

सज्जनहो, समाजकार्य म्हटले की मोठ्या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. त्या हव्यातच. परंतु वसतिगृहातील एका संगणकाचा पडदा झाडून स्वच्छ करणे, हेही समाजकार्य आहे, कारण त्याने एका मुलाच्या मनातील ‘मला येत नाही’ हा शब्द पुसला जातो. दूरच्या कोणा कंपनीने त्याच्यासाठी आधीच मांडून ठेवलेल्या वाटेवरून तो चालत राहील, की आपल्या कामाचे साधन नावाने बोलावून आपल्या लिपीत आपला अर्ज लिहील, हे ठरविण्याची संधी शिक्षकाच्या हाती आहे. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीचे कुलूप उघडावे, दोन-चार मोठ्या विद्यार्थ्यांना सोबत घ्यावे आणि पहिल्या यंत्रापासून सुरुवात करावी. त्या विद्यार्थ्यांनी एकदा हे हाताने केले, की पुढच्या यंत्रासाठी शिक्षकाची वाट पाहण्याची गरज त्यांना उरणार नाही.